जुन्या शेडचे सिमेंट पत्रे उतरवायचेत: ॲस्बेस्टॉसची धूळ आणि कॅन्सर याबद्दल नेमकी माहिती हवी

उद्यमनगर शेड:

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉपची शेड आहे. ४० बाय ६० फूट, लोखंडी कैच्या, वर १९८० च्या दशकातले सहा मिमीचे नालीदार सिमेंट पत्रे. वरून शेवाळ, पन्हळीत काळा गाळ, आठ-दहा पत्र्यांना तडे. आता कलर कोटेड पत्रा टाकायचा आहे. ठेकेदाराचं म्हणणं असं: घणाने वरून फोडायचे, खाली पाडायचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून राडारोड्यात टाकायचे, दोन दिवसांचं काम.

दोन प्रश्न आहेत.

१) हे पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत असं धरून काम कसं करावं? आणि माल टाकायचा कुठे?

२) आमच्याकडे येणारे एक फिटर काका पूर्वी साखर कारखान्यात वाफेच्या पाइपांच्या लॅगिंगचं (उष्णता अडवणारं आवरण चढवायचं) काम करायचे. वय ६४. उजव्या छातीत पाणी झालं, ते काढलं आणि टीबीची औषधं सुरू झाली. दोन महिन्यांत पाणी पुन्हा भरलंय. त्या जुन्या कामाशी याचा संबंध असू शकतो का?

पत्रा-पर्लिन:

ठेकेदार बदला किंवा त्याची पद्धत तरी बदला.

आधी आकडेमोड. उतार आणि बाहेरची झाप धरून तुमचं छत साधारण २५० चौरस मीटर होईल. पत्रे ३ मीटरचे असतील तर ८५ ते ९० नग. असा एक पत्रा कोरडा ४० किलोच्या आसपास भरतो, भिजला की आणखी. म्हणजे एकूण माल साडेतीन टनांच्या घरात. हा आकडा लक्षात ठेवा, विल्हेवाटीला लागेल.

कॅन्सरची भीती बरोबर आहे, पण तो तीस वर्षांनी. जुन्या सिमेंट पत्र्यावर पाय ठेवून खाली गेलेला माणूस त्याच दिवशी जातो. चाळीस वर्षांच्या पत्र्यावर कुणीही थेट उभं राहायचं नाही, बोल्टच्या रेषेवरसुद्धा नाही. शक्यतो सगळं काम आतून, परांचीवरून करा. वर जावंच लागलं तर किमान दोन पर्लिनवर (पत्रे ज्यांवर बसतात ते आडवे लोखंडी वासे) टेकतील अशा फळ्या, फुल बॉडी हार्नेस, आणि त्याची दोरी कैचीला. पत्र्याच्या बोल्टला नव्हे.

वेळ: पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर. मार्च ते मे नको, पत्रा खडखडीत कोरडा असतो आणि दुपारी वारा सुटतो. भर पावसात घसरतं. सकाळी वारा पडलेला असताना सुरू करा. शेडमधली यंत्रं आणि बेंच प्लास्टिकने झाकून घ्या. न झाकलेल्या लेथच्या बेडवर बसलेली धूळ पुढे कित्येक महिने कापडाने पुसली जाते आणि पुन्हा उडते.

भिजवणं हा या कामाचा जीव. शेतातला पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप घ्या, त्यात दोन-तीन चमचे भांड्यांचा लिक्विड साबण टाका. नुसतं पाणी जुन्या सिमेंटवरून ओघळून जातं, साबणाने ते आत मुरतं. बारीक फवारा, कमी दाब. गाड्या धुवायचा प्रेशर पंप अजिबात लावू नका, तो पत्र्याचा वरचा थर सोलून तंतू शेजारच्या शेडपर्यंत नेतो.

पन्हळीतला काळा गाळ पहिल्यांदा काढा, ओलाच, प्लास्टिकच्या सुपलीने थेट पिशवीत. वर्षानुवर्षं झिजलेल्या पत्र्याचे तंतू त्यात साठलेले असतात. लोक नेमके हा गाळ वाळू देतात आणि झाडतात.

बोल्ट: जे-बोल्टचे नट गंजून बसलेले असणार. ग्राइंडर लावू नका, चाक पत्र्यात घुसतंच. खालून पर्लिनजवळ हुकाची बाजू बोल्ट कटरने किंवा हॅकसॉने तोडा आणि बोल्ट वर ढकला. बोल्टच्या भोवती आधी फवारा मारा. पत्रा सुटेना म्हणून हिसका दिला की कोपरा तुटतो, आणि तुटलेली प्रत्येक कड म्हणजे नवी धूळ.

क्रम बसवणीच्या उलटा. आधी रिजचे (छताच्या माथ्याचे) तुकडे, मग वरची ओळ, शेवटी झापेची. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून, म्हणून बसवताना बहुधा पूर्वेच्या टोकापासून सुरुवात केलेली असते; उतरवताना पश्चिमेकडून. तरी आधी कुठला पत्रा कुठल्यावर चढलाय ते बघा, जुन्या गवंड्यांनी प्रत्येक वेळी नियम पाळलेला नसतो.

पत्रा अख्खा, दोघा-तिघांनी धरून किंवा दोरीने खाली घ्यायचा. टाकायचा नाही. खाली लाकडी पॅलेटवर २०० मायक्रॉनचं, दुकानात ८०० गेज म्हणून मिळतं ते, पॉलिथिन अंथरा. दहा पत्र्यांची थप्पी, दोन थर गुंडाळायचे, टेपने बंद. अशी थप्पी ४०० किलोची होते, तेव्हा हायड्रा क्रेन किंवा चेन ब्लॉक आधीच ठरवा. नंतर उघडून वजन कमी करत बसायची वेळ येऊ नये.

आणखी एक गोष्ट, जी पत्रा बदलणारे हमखास विसरतात. सिमेंटचं छत स्वतःच्या वजनाने बसलेलं असतं, चौरस मीटरला १२-१३ किलो. अर्ध्या मिमीचा कलर कोटेड पत्रा ५ किलोच्या आत. वळवाच्या वाऱ्यात छत वर उचलायला बघतं, तेव्हा हे वजन कामाला येत होतं. ते गेलं की सगळा भार स्क्रूवर आणि कैचीच्या पायातल्या बोल्टवर. म्हणून जुने जे-बोल्ट पुन्हा वापरू नका. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू प्रत्येक पर्लिनवर, कडेच्या आणि रिजच्या ओळीत जास्त दाट. कैचीचे पायाचे बोल्ट गंजलेत का ते इंजिनिअरला दाखवा. आणि हो, लोखंडी पत्रा जास्त तापतो; खाली इन्सुलेशन आणि वर टर्बो व्हेंटिलेटर धरूनच बजेट काढा.

रंकाळा वेस्ट:

भावा, एवढं घाबरवायचं काही कारण नाही. अर्धं कोल्हापूर सिमेंट पत्र्याखाली झोपतं. गोठे, गुऱ्हाळं, शाळा, सगळीकडे तेच पत्रे. आणि आपल्याकडचा पांढरा ॲस्बेस्टॉस आहे, निळा नव्हे. पांढरा चालतो म्हणतात.

सेफ्टी शिरोली:

पहिलं अर्धं बरोबर, दुसरं चूक.

शाबूत पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असतात. त्याच्याखाली बसल्याने किंवा झोपल्याने धोका फार कमी. त्यामुळे धडधाकट छत असेल तर ते घाईने उतरवण्यापेक्षा आहे तसं ठेवणं, वर ॲक्रिलिक रंगाचे दोन हात देणं, भोक न पाडणं हा शहाणपणाचा मार्ग. पण या शेडला तडे गेलेत आणि शेवाळाने पृष्ठभाग खाल्लाय, तिथे बदलणं योग्य. धोका कापताना, फोडताना, घासताना, कोरडं झाडताना. डोक्यावरचा पत्रा आणि घणाखालचा पत्रा यांना एकाच मापाने मोजू नका.

पांढरा म्हणजे क्रायसोटाइल. निळा क्रोसिडोलाइट आणि तपकिरी अमोसाइट यांच्यात मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) घडवायची ताकद जास्त, हे खरं. त्यावरून क्रायसोटाइल निरुपद्रवी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सगळ्याच प्रकारांना पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतात हे सिद्ध झालेल्या गटात ठेवते: मेसोथेलिओमा, फुफ्फुस, स्वरयंत्र, बीजांडकोश. आपल्या सरकारने ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं १९८६ मध्ये आणि जुन्यांचं नूतनीकरण करणं १९९३ मध्ये थांबवलं. आयात मात्र चालू आहे आणि पत्रे अजून बनतात. ब्रिटनने १९९९ मध्ये, युरोपीय संघाने २००५ पासून, ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बंदी घातली. त्या बंद्यांत पांढराही आला.

तंतू दिसत नाहीत, हीच अडचण. पाच मायक्रॉनपेक्षा लांब आणि तीनपेक्षा बारीक तंतू मोजले जातात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या कारखाने कायद्यातली मर्यादा हवेच्या एका मिलिलिटरमागे एक तंतू होती, अमेरिकेची ०.१. म्हणजे आपली ती मर्यादा दहापट सैल, आणि कोरड्या पत्र्यावर ग्राइंडर फिरवला की तीही ओलांडली जाते. असा बारीक तंतू शांत हवेत तासन्‌तास तरंगतो. दुपारी जेवून आलेल्या माणसाला शेड स्वच्छ दिसते, ती नसते.

मास्क: रुमाल, सर्जिकल मास्क शून्य. एन-९५ अगदीच नाइलाज असेल तर. या कामाला एफएफपी-३, किंवा पी-१०० काडतुसांचा हाफ मास्क. दाढी वाढलेली असेल तर कुठलाही मास्क कडेने गळतो, त्या दिवशी गुळगुळीत दाढी करून यायचं. अंगावर एकदा वापरून टाकायचा कव्हरऑल, बाही हातमोज्यावर टेप लावून, पँट बुटाच्या बाहेरून. काढताना आधी कव्हरऑल ओला करून उलटा गुंडाळत काढा, मास्क सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला तर दिवसभर मास्क घातल्याचा उपयोग नाही. कपडे घरी धुवायला न्यायचे नाहीत. ॲस्बेस्टॉस कामगारांचे कपडे झटकणाऱ्या आणि धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची जगभर नोंद आहे.

साफसफाई ओल्या फडक्याने. फडकी धुवायची नाहीत, पिशवीतच टाकायची. घरचा किंवा वर्कशॉपचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या फिल्टरमधून तंतू पलीकडे निघतात. हेपा फिल्टरचा, एच क्लास असेल तरच.

आणि पत्र्यांवर सगळं लक्ष देताना खरी वाईट जागा विसरू नका. साखर कारखान्यातलं जुनं लॅगिंग पत्र्याच्या कैक पट वाईट. पाइपावर पांढरा प्लास्टर दिसायचा, तो बहुधा ८५ टक्के मॅग्नेशिया, उरलेल्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू. बोटाने चुरगळतो तो. ऑफ सीझनला कामगार तो हातोडीने झोडून काढायचे आणि नवा कोरडा पोत्यातून घमेल्यात मिसळायचे. शिवाय व्हॉल्व्हचं ग्रॅफाइट लावलेलं ॲस्बेस्टॉस रोप पॅकिंग, फ्लँजचं सीएएफ (दाबलेल्या ॲस्बेस्टॉसचं) गॅस्केट. गॅस्केट फ्लँजला चिकटलं की वायर ब्रश कोरडा मारायची सवय, तिथेच धूळ. आता सिरॅमिक फायबर रोप, ग्रॅफाइट किंवा पीटीएफई पॅकिंग, सीएनएएफ (ॲस्बेस्टॉस नसलेलं) गॅस्केट सहज मिळतात. जुनं गॅस्केट तेल किंवा पाण्याने भिजवून चपट्या पटाशीने काढा. गॅरेजवाल्यांनी जुन्या ब्रेक ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा मारणंही याच यादीत.

फिटर काकांबद्दल डॉक्टरांनी बोलावं.

छाती-फुफ्फुस:

संबंध असू शकतो, आणि तो तपासल्याशिवाय सोडू नये.

मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आतला नव्हे, त्याच्यावरच्या आवरणाचा, म्हणजे प्ल्यूराचा कॅन्सर. कधी पोटाच्या आवरणाचाही. तंतू श्वासातून आत जातात, लांब असल्याने पेशी त्यांना गिळू शकत नाहीत, वर्षानुवर्षं तिथे दाह चालतो आणि पेशींच्या गुणसूत्रांना इजा होत राहते. पहिल्या संपर्कापासून आजार दिसेपर्यंत बहुधा ३० ते ४० वर्षं, कधी २०, कधी ५०. तिशीत लॅगिंग केलेला माणूस साठी ओलांडल्यावर पाण्याची छाती घेऊन येतो, हे गणित या काकांना जुळतं. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांचा अहवाल दिला, तेव्हापासून हा संबंध वैद्यकशास्त्रात पक्का होत गेला.

आपल्याकडे अडचण अशी की छातीत पाणी म्हटलं की टीबी. बहुतेक वेळा तो टीबीच असतो, त्यामुळे सुरुवातीच्या डॉक्टरांना दोष देत बसू नका. शिवाय फाउंड्रीतल्या वाळूने सिलिकोसिस झालेल्यांना टीबी जास्त होतो. काका पुढे फाउंड्रीत राबले असतील तर तीही शक्यता आहेच. प्रश्न एवढाच: निदान कशावर केलं?

पहिल्या वेळी काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट शोधा. त्यात एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) बघा. टीबीच्या पाण्यात तो साधारणपणे ४० च्या वर असतो. खूप कमी असेल, पाणी रक्ताळलेलं असेल, टीबीचा जंतू कुठल्याच तपासणीत सापडला नसेल, आणि औषधं नीट घेऊनही पाणी परत भरत असेल, तर टीबीच्या निदानावर फेरविचार हवा. एडीए जास्त आला म्हणून कॅन्सर पूर्ण बाद होत नाही, हेही खरं. टीबीची औषधं मनाने बंद करू नका, तो निर्णय डॉक्टरांचा.

पुढची पायरी: छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी. त्यात प्ल्यूरा जाड, गाठाळ आहे का, मेडियास्टिनमच्या (दोन फुफ्फुसांमधल्या जागेच्या) बाजूनेही जाड झालाय का, फुफ्फुस चहूबाजूंनी आवळलंय का ते दिसतं. दोन्ही बाजूंना कॅल्शियम साठलेले प्लाक (प्ल्यूरावरचे जाड चट्टे) दिसले तर ती जुन्या ॲस्बेस्टॉस संपर्काची खूण. प्लाक म्हणजे कॅन्सर नव्हे. पाणी सायटॉलॉजीला (त्यातल्या पेशींच्या तपासणीला) पाठवताना किमान ५०-६० मिली पाठवा, पाच मिलीच्या बाटलीवर कुणी ठाम सांगू शकत नाही. आणि मेसोथेलिओमात सायटॉलॉजी निगेटिव्ह येणं नेहमीचं आहे. ‘पाण्यात कॅन्सर नाही’ एवढ्या एका ओळीवर थांबायचं नाही.

ठाम निदान थोरॅकोस्कोपीने. भूल देऊन छातीत दुर्बीण घालून प्ल्यूराचे तुकडे घेतात. कॅन्सर असेल तर नव्वद टक्क्यांच्या वर सापडतो. तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतली प्रथिनं रंगवून कॅन्सरचा प्रकार ओळखणं) आवश्यकच, कारण फुफ्फुसातला ॲडिनोकार्सिनोमा हुबेहूब असाच दिसू शकतो. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह आणि टीटीएफ-१, सीईए निगेटिव्ह, असा नमुना मेसोथेलिओमाकडे बोट दाखवतो. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘लॅगिंगचं काम, ॲस्बेस्टॉस संपर्क’ असं लिहून द्या. न लिहिल्यास पॅथॉलॉजिस्टच्या मनात हा आजार पहिला येत नाही.

सुरुवात सीपीआरच्या (कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) छातीविकार विभागात करता येईल. स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) पुढे मुंबईला टाटा मेमोरियलला दुसऱ्या मतासाठी नेता येतात. ब्लॉक मागून घ्या, फक्त रिपोर्ट नको.

उपचाराबद्दल गोड बोलणार नाही. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही वर्षानुवर्षांची जोडी, सोबत फॉलिक ॲसिड आणि बी-१२ दिलंच पाहिजे, नाहीतर रक्तपेशी फार खाली जातात. २००३ च्या मोठ्या चाचणीत या जोडीने सरासरी आयुष्य ९ महिन्यांवरून १२ वर गेलं. नंतर निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीने केमोच्या १४ महिन्यांच्या जागी १८ दाखवले, खर्च प्रचंड. एपिथेलिऑइड प्रकार त्यातल्या त्यात बरा, सार्कोमॅटॉइड वाईट. पाणी वारंवार भरत असेल तर प्ल्यूरोडेसिस (प्ल्यूराचे दोन थर चिकटवून पाण्याची जागा बंद करणं) किंवा घरी काढता येणारा कॅथेटर, यानेच रोजचा दम सगळ्यात जास्त कमी होतो.

काका बिडी ओढतात का? मेसोथेलिओमाचा बिडीशी संबंध नाही, पण फुफ्फुसाच्या कॅन्सरचा आहे आणि ॲस्बेस्टॉसबरोबर तो धोका नुसता बेरजेने वाढत नाही. लॅगिंगवर काम केलेल्या इतरांनी आज करण्यासारखी एकच ठोस गोष्ट म्हणजे बिडी सोडणं. आतला तंतू काढता येत नाही.

मॅनिफेस्ट:

राहिलं विल्हेवाटीचं आणि नुकसानभरपाईचं.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस पहिल्या अनुसूचीत १५ व्या ओळीत आहे. कारखान्याने तो राडारोड्यात किंवा पंचगंगेच्या काठी टाकायचा नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय कोल्हापुरातच आहे. तुमच्या संमतीपत्रात हा कचरा नसेल तर तिथे एकदाच्या विल्हेवाटीसाठी अर्ज करा. माल अधिकृत वाहनातून, फॉर्म १० च्या मॅनिफेस्टसह (माल कुठून कुठे गेला याचा कागद), अधिकृत भूमिभरण केंद्रात जातो. पश्चिम महाराष्ट्राला रांजणगावचं केंद्र जवळचं. साठवायची मुदत ९० दिवस. अर्जात तुमचे साडेतीन टन लिहा. पण पत्रे उतरवायच्या आधी केंद्राशी करार आणि वाहनाची तारीख पक्की करा. थप्प्या अंगणात पडून राहिल्या की कोणीतरी गोठ्यासाठी ‘चार पत्रे द्या की’ म्हणून येतो, आणि आपल्या लोकांना नाही म्हणवत नाही. जुना पत्रा कुणालाही फुकटसुद्धा द्यायचा नाही.

भंगारवाल्याला फक्त बोल्ट आणि लोखंड द्या, तेही पुसून.

काकांसाठी: निदान पक्कं झालं तर ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा कर्मचारी भरपाई कायदा आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कायदा या दोन्हींच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार होते; नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत आले. अपघात दाखवावा लागत नाही, काम दाखवावं लागतं. म्हणून आत्तापासून गोळा करा: नेमणुकीचं पत्र किंवा सेवा दाखला, पीएफची नोंद, ईएसआयचा विमा क्रमांक, सोबत काम केलेल्या दोघांचं प्रतिज्ञापत्र ज्यात ‘लॅगिंग’ हा शब्द आणि वर्षं असतील. हंगामी किंवा ठेकेदाराचे कामगार असतील तर हजेरीपत्रक, पगाराची पावती, काहीही. केसपेपरवर व्यवसायाचा पूर्ण इतिहास डॉक्टरांकडून लिहून घ्या. ‘फिटर’ एवढंच लिहिलं तर पुढे भांडायला काही उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे उशिरा येईल तोवर, ठेवायला सांगितलं. तो निकाल ॲस्बेस्टॉस बनवणाऱ्या उद्योगांपुरता आहे, साखर कारखाना त्यात थेट बसेल असं गृहीत धरू नका. पण जुना आरोग्य तपासणीचा रेकॉर्ड लेखी मागायला काही हरकत नाही, पोचपावती घ्या.

उद्यमनगर शेड:

सगळ्यांचे आभार. काकांचा एडीए २२ आहे, रिपोर्ट सापडला. पाणी ‘रक्तमिश्रित’ लिहिलंय. उद्याच सीटीला नेतोय. एक राहिलं: २०१९ च्या पुरात शेजारच्या शेडचे पत्रे फुटले, त्यांचा ढीग आमच्या मागच्या भिंतीला अजून पडलाय, त्यावर तण उगवलंय. त्याचं काय?

सेफ्टी शिरोली:

तण उपटू नका, मुळांबरोबर चुरा वर येतो. आदल्या संध्याकाळी साबणपाणी मारून ताडपत्रीने झाका, सकाळी पुन्हा मारा. तण जमिनीलगत कापा, मोठे तुकडे हाताने उचला, आणखी तोडू नका. बारीक चुरा आणि खालची दोन-तीन इंच माती फावड्याने ओलीच दुहेरी पिशवीत. पिशवी अर्धीच भरा, पूर्ण भरली की तुकड्याच्या कडेने फाटते. हा माल तुमच्या थप्प्यांबरोबर त्याच गाडीत जाऊ दे, फक्त अर्जातलं वजन वाढवून लिहा.

छाती-फुफ्फुस:

२२ आणि रक्तमिश्रित असेल तर सीटी झाल्यावर थोरॅकोस्कोपीची तारीख त्याच दिवशी मागा. आणि सीटीच्या आधी सगळं पाणी काढून टाकू नका म्हणून सांगा; थोडं पाणी असेल तर दुर्बीण घालायला जागा मिळते.